मूल अडते तेथे : व्यवसायोपचाराची गरज कशी ओळखावी



मधल्या सुट्टीची घंटा झाली की बालवाडीच्या वर्गात तीस डबे एकदम उघडतात. त्या वेळी मुलांच्या तोंडांकडे न पाहता हातांकडे पाहावे. कुणी डबा पोटाशी धरून झाकण सहज उचलतो, कुणी दातांची मदत घेतो, कुणी डबा मांडीवर आपटून पाहतो. एखादे मूल मात्र झाकणाला हातच लावत नाही. ते डबा मुकाट्याने शेजारच्या मित्राकडे सरकवते. मित्र झाकण उघडून देतो आणि मोबदला म्हणून पहिला घास स्वतः घेतो. हा व्यवहार दोघांनाही मान्य असल्यामुळे त्याची तक्रार कोणाच्याही कानावर जात नाही. डबा रिकामा आलेला पाहून घरी आई समाधान पावते.

साडेपाच वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डब्याचे झाकण उघडता येत नाही, ही गोष्ट क्षुल्लक आहे काय? एकटीच असेल, तर बहुधा क्षुल्लकच. झाकण घट्ट असेल, किंवा घरी कौतुकाने ते कधी उघडूच दिले नसेल. परंतु तेच मूल सदऱ्याचे बटण लावताना अडत असेल, जिना उतरताना अजून एकेका पायरीवर दोन्ही पावले टेकवत असेल, खडूने गोल काढताना त्याचा हात थकत असेल आणि लंगडीच्या खेळात नेहमी ‘मी नाही खेळत’ म्हणून कडेला बसत असेल, तर या चारही गोष्टी एका धाग्यात ओवून पाहण्याची वेळ आली, असे समजावे. आजचे विवेचन त्या धाग्याविषयी आहे.

पहिलीच्या वर्गातील एका मुलाचे उदाहरण घेतले म्हणजे विषय स्पष्ट होईल. तो अतिशय बोलका होता. चारमिनारला मिनार चार का, हुसेनसागरातले पाणी कोठून येते, असे प्रश्न विचारून मोठ्यांना भंडावून सोडी. गोष्ट एकदा ऐकली की पात्रांच्या नावांसह पुन्हा सांगे. त्याच्या वहीकडे पाहिले मात्र की हाच तो मुलगा, यावर विश्वास बसत नसे. अक्षरे रेघ सोडून खाली घरंगळलेली, दोन शब्दांमध्ये जागा नाही, खोडून खोडून कागदाला भोके पडलेली. वहीच्या प्रत्येक पानावर लाल शाईत शेरा असे : ‘अक्षर सुधारा’, ‘लक्ष नाही’, ‘आळस सोडा’. घरी रोज रात्री चार पाने शुद्धलेखन सुरू झाले. आजोबांनी आपल्या काळातील छडीचे गुणगान केले. आईने एका हाताने त्याचा हात धरून लिहवून घेतले आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे पुसले. चार पानांची सहा पाने झाली. अक्षर तसेच राहिले. पुढे पुढे शाळेच्या दिवशी सकाळी त्याचे पोट दुखू लागले आणि रविवारी ते दुखेनासे झाले. ‘माझा हात वाईट आहे’ असे तो एकदा धाकट्या बहिणीला सांगत होता. सहा वर्षांच्या मुलाने स्वतःविषयी काढलेला हा निष्कर्ष होता आणि मोठ्यांनीच त्याला तिथवर आणून सोडले होते.

खरी गोष्ट प्रथम लक्षात आली ती चित्रकलेच्या शिक्षिकेच्या. तिच्यापुढे शुद्धलेखनाची वही नव्हती, म्हणूनच कदाचित तिला मूल दिसले. तिने पाहिले की तो उजव्या हाताने रंगवताना डावा हात मांडीवर मृतवत ठेवतो. कागद धरायचा असतो, हे त्या हाताला ठाऊकच नव्हते, त्यामुळे कागद सरकत राही. खडू तो मुठीत असा आवळे की नखे पांढरी पडत, आणि त्याने ओढलेली रेघ खालच्या तीन पानांवर उमटे. बसताना पाय बाकाच्या पायांभोवती गुंडाळून घेई. दहा मिनिटांत पाठ वाकून हनुवटी बाकावर टेके. मोठ्यांना ज्याचा आळस वाटत होता, तो मुलगा प्रत्यक्षात वर्गातील इतर कोणाहीपेक्षा अधिक कष्ट करत होता. ताठ बसणे, खडू धरणे आणि कागद सांभाळणे या तीन गोष्टींत त्याची सारी शक्ती खर्च होई. चौथ्या गोष्टीसाठी, म्हणजे लिहिण्यासाठी, काही उरतच नसे.

बालरोगतज्ज्ञांनी तपासणी केली. डोळे आणि कान तपासून घेतले. ही पायरी कोणीही गाळू नये, कारण फळा नीट न दिसणाऱ्या मुलाची वहीदेखील अशीच दिसते. त्यानंतर त्यांनी त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवले.

या शास्त्राला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात आणि या नावाने बराच घोटाळा होतो. व्यवसाय म्हटला की दुकान, नोकरी, धंदा डोळ्यांपुढे येतो. मग पाच वर्षांच्या मुलाचा व्यवसाय तो कोणता, असा प्रश्न पालक साहजिकच विचारतात. येथे व्यवसाय म्हणजे माणूस ज्या कामांत दिवसभर व्यापृत असतो ती कामे. लहान मुलाचा व्यवसाय खेळणे, जेवणे, कपडे घालणे, दात घासणे, शौचास जाऊन येणे, मित्रांत मिसळणे आणि शाळेत गेल्यावर लिहिणे-रंगवणे-कातरणे हा आहे. यांपैकी जे काम मुलाच्या वयाला यायला हवे आणि येत नाही, ते का येत नाही याचा शोध घेऊन ते साधेल अशी वाट काढून देणे, हे व्यवसायोपचारतज्ज्ञाचे काम होय. फिजिओथेरपी स्नायू, सांधे आणि हालचाल यांकडे प्रामुख्याने पाहते. व्यवसायोपचार त्या हालचालीतून रोजचे काम पार पडते की नाही, ते पाहतो. दोहोंच्या सीमा एकमेकींत मिसळतात आणि पुष्कळ मुलांना दोन्हींची गरज पडते.

हे शास्त्र आपल्या देशात नवे आलेले फॅड आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर निंबकर घराण्यात येऊन पूर्णपणे येथल्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. 1952 मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. म्हणजे पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ हे ज्ञान या देशात आहे. रुग्णालयाच्या दारातून ते बालवाडीच्या दारापर्यंत पोहोचायला मात्र फार वेळ लागला.

तसे पाहिले तर बालशिक्षणाच्या मराठी परंपरेला यातील मर्म अपरिचित नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जी बालवाडी चालवली, तीत शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच शिक्षणाची साधने होती. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीत बटणे, हूक आणि नाड्या बांधण्याच्या चौकटी असतात, त्याही याच जाणिवेतून. पेन्सिल हाती देण्यापूर्वी हात तयार व्हावा लागतो, हे या मंडळींना उमगले होते. तीन वर्षांच्या मुलाकडून ‘अ’ गिरवून घेण्याची घाई नंतरची आहे, आणि त्या घाईत पालक व शाळा दोघेही सामील आहेत.

आता मुख्य प्रश्न. कोणत्या वयात काय यावे आणि कशाची काळजी करावी?

प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढते, हे खरे आहे. पण या खऱ्या वाक्याने जितका वेळ वाया घालवला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कोणी घालवला असेल. गती वेगवेगळी असली तरी तिलाही मर्यादा असतात. नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ आधाराशिवाय बसू लागते. दीड वर्षापर्यंत बहुतेक सर्व मुले स्वतंत्रपणे चालू लागतात. तीन वर्षांचे मूल गोल पाहून गोल काढते, चार वर्षांचे अधिक चिन्ह, पाचच्या आसपास चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण. चौथ्या वर्षी ते काही क्षण एका पायावर उभे राहते, पाचव्या वर्षी लंगडी घालते. चार ते पाच या दरम्यान मोठी बटणे स्वतः लावू लागते. बुटाची नाडी बांधायला सहावे वर्ष उजाडते. यांत एखाद्या गोष्टीला दोन-तीन महिने उशीर झाला तर झोप उडवून घेऊ नये. मूल वेळेआधी जन्मलेले असेल, तर पहिली दोन वर्षे त्याचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. मात्र अशा मुलावर नजर अधिक बारकाईने ठेवावी.

काही खुणा अशा आहेत की त्यांच्या बाबतीत ‘पाहू पुढे’ हे शब्दच वापरू नयेत. एक वर्ष पूर्ण होण्याच्या आतच बाळ सारखा एकच हात वापरत असेल आणि दुसऱ्याची मूठ आवळलेली राहत असेल, तर घरात त्याचे कौतुक होते : ‘आत्तापासूनच डावखुरा आहे हो!’ वास्तविक इतक्या लहान वयात दोन्ही हात सारखेच चालायला हवेत. एकाच हाताची ओढ ही दुसऱ्या हाताच्या अशक्तपणाची, कधी मेंदूच्या इजेचीही खूण असू शकते. वर्षभराचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, बोटाने दाखवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. आणि आलेली कौशल्ये जाऊ लागली, म्हणजे बोलणारे मूल बोलेनासे झाले किंवा चालणारे अडखळू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

शाळेत येणाऱ्या मुलांमध्ये जी अडचण वारंवार दिसते आणि वारंवार दुर्लक्षिली जाते, ती हालचालींच्या मेळाची. मुलाची बुद्धी चांगली असते, स्नायूंना आजार नसतो, पण शरीराला काम ‘कसे करायचे’ हे जुळवता येत नाही. वैद्यकशास्त्रात याला विकासात्मक समन्वय दोष म्हणतात, आणि शाळकरी वयाच्या शंभर मुलांमागे पाच-सहा मुलांत तो आढळतो. म्हणजे चाळीसच्या वर्गात अशी दोन मुले असणारच. पाच वर्षांच्या आत हे निदान सहसा केले जात नाही. ही मुले सतत कुठेतरी आपटतात, पाण्याचा पेला सांडतात, जेवताना अर्धा भात ताटाबाहेर जातो, चेंडू झेलताना डोळे मिटतात. त्यांना वेंधळे, धांदरट, ढ अशी नावे मिळतात. मराठी भाषेत या अर्थाचे शब्द विपुल आहेत. अडचण समजून घेणारा शब्द मात्र चटकन आठवत नाही.

लेखनाच्या बाबतीत या शहरातील मराठी मुलांचे कष्ट थोडे निराळेही आहेत. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकते. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते. तेलुगू अक्षर वळत वळत जाते. एकाच दिवशी एकाच लहान हाताला हे तिन्ही प्रकार करावे लागतात. देवनागरीत वेलांटी आणि मात्रा वर, उकार खाली, म्हणजे एका शब्दासाठी तीन मजले सांभाळायचे. त्यातून ‘ळ’, ‘झ’, ‘क्ष’ यांसारखी अक्षरे अर्ध्यावर दिशा बदलतात, आणि शेवटी अख्ख्या शब्दावरून शिरोरेषा ओढताना मनगट कागदावर सरकवावे लागते. ज्याचा खांदा आणि मनगट स्थिर नाही, त्याची शिरोरेषा डोंगररांगेसारखी होते. म्हणून पहिलीतल्या मुलाने अधूनमधून अक्षर उलटे काढले, तर त्यात भयंकर काही नाही; सातव्या वर्षापर्यंत ते पुष्कळ मुले करतात. अक्षर कुरूप आहे, एवढ्यावरूनही काही ठरत नाही. पाहायचे ते हे, की लिहिताना हात दुखतो काय, मूल लिहिणे टाळण्यासाठी बहाणे शोधते काय, तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे काय, आणि दोन-तीन महिने शांतपणे शिकवूनही काहीच पुढे सरकत नाही काय.

डावखुरेपणाविषयी एक वाक्य येथेच सांगायला हवे. तो दोष नाही, त्याला उपचार लागत नाही आणि डाव्या हातातली पेन्सिल हिसकावून उजव्यात कोंबणे हा अन्याय आहे, मग ती हिसकावणारी आजी कितीही प्रेमळ असो.

बहुभाषिक घरांबद्दलही एक गैरसमज आहे. मूल उशिरा बोलते, कारण घरी मराठी, गल्लीत तेलुगू, दूरदर्शनवर हिंदी, असे सांगून पालक स्वतःची समजूत घालतात आणि काही वेळा डॉक्टरही घालतात. अनेक भाषांमुळे मूल दोन भाषांतले शब्द मिसळील. त्यामुळे ते मुके राहत नाही. आणि चमचा धरता न येण्याशी तर भाषांचा काहीच संबंध नाही.

आता संवेदनांचा भाग, जो समजायलाही कठीण आणि ज्याच्या नावावर अतिशयोक्तीही फार होते. काही मुलांना कुकरची शिट्टी कानात खिळ्यासारखी टोचते. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजू लागले की ती अंग टाकून रडतात. काहींना ओल्या कणकेचा स्पर्श, शर्टाच्या मानेजवळची पट्टी, केस कापणे, नखे काढणे असह्य वाटते. काही जण फक्त कोरडे, पांढरे आणि कुरकुरीतच खातात. याच्या उलट काही मुले भिंतीवर अंग आपटतात, गरगर फिरतात, सतत काहीतरी चावतात. जणू शरीराला स्वतःची खबर लागण्यासाठी मोठा धक्का हवा. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी या विषयाची मांडणी केली आणि 1972 मधील त्यांच्या पुस्तकाने तिला जगभर नेले. तथापि 2012 साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सावधगिरीचा इशारा दिला : या पद्धतीच्या परिणामांविषयीचा पुरावा मर्यादित आहे, आणि संवेदनांची अशी तक्रार स्वतंत्र आजार म्हणून नोंदवण्यापूर्वी तिच्यामागे स्वमग्नता, अवधानदोष किंवा चिंता आहे काय, हे तपासावे. पालकांनी दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मुलाचा त्रास खरा असतो. त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक झोपाळ्याचे आणि वजनदार जाकिटाचे गुणगान खरे असतेच असे नाही.

स्वभाव आणि अडचण यांच्यातील रेषा कशी ओढावी, असे अनेक पालक विचारतात. लाजाळू मूल, हट्टी मूल, मातीत हात न घालणारे टापटिपीचे मूल घरोघरी असते. रेषा अशी ओढावी : त्या गोष्टीमुळे मुलाचे खाणे, झोप, खेळ, मैत्री किंवा शिकणे अडते काय? घरी आणि शाळेत, दोन्ही ठिकाणी अडते काय? आणि बरेच आठवडे अडून राहिले आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर विचारायला जावे. विचारून काही निघाले नाही, तर एक दुपार गेली एवढेच नुकसान.

पालक जात का नाहीत, हे मात्र या खुणांच्या यादीत सापडत नाही. खरी भीती शिक्क्याची असते. थेरपीला नेले असे शेजारी कळले तर लोक काय म्हणतील. मुलीचे पुढे लग्न कसे जमेल. शाळा नाव काढून टाकील काय. या भीतीला हसण्यात अर्थ नाही, कारण समाजाने ती निर्माण केली आहे आणि काही शाळांनी ती खरीही करून दाखवली आहे. एवढेच सांगता येते की शिक्का आधीच बसलेला असतो. ‘आळशी’ हा शिक्काच आहे, ‘ढ’ हाही, आणि तो वर्गातली चाळीस मुले रोज वाचतात. तज्ज्ञाच्या कागदावरील शब्द निदान पुढचा रस्ता तरी दाखवतो. कायद्यानेही मुलाची बाजू घेतली आहे : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगतांचा समावेश असून, अशा मुलांना भेदभावाशिवाय सामावून घेणे आणि त्यांच्या गरजेनुसार सोयी करणे शासकीय, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक केले आहे. अर्थात व्यवसायोपचार घेणारे प्रत्येक मूल दिव्यांग ठरते, असे मुळीच नाही. पुष्कळांना काही महिने मदत लागते आणि ती संपते.

त्या मुलाचे पुढे काय झाले? पहिल्या दिवशी तज्ज्ञ बाईंनी त्याला पेन्सिल दाखवलीच नाही. पोटावर झोपून फळीवरून सरकत जायचे आणि वाटेत ठेवलेले मणी गोळा करायचे, एवढेच काम दिले. आई बाहेर येऊन म्हणाली, ‘यासाठी का पैसे द्यायचे? हे तर नुसते खेळणे आहे.’ बाईंनी तिला समोर बसवून दाखवले की त्या खेळात मान, पाठ आणि खांदा किती काम करत होते. पुढच्या आठवड्यांत चिमट्याने शेंगदाणे उचलणे, कपड्यांचे चाप दोरीवर लावणे, उभ्या फळ्यावर खडूने मोठ्या रेघा ओढणे आले. मग एकेक अक्षर, मोठे, चार ओळींत बसणारे. जे काम जमत नाही तेच काम लहान लहान पायऱ्यांत फोडून, मुलालाच ‘आता कुठे चुकले? पुढे काय करशील?’ असे विचारत शिकवणे, ही रीत या प्रकारच्या अडचणीत विशेष उपयोगी पडते, असे अभ्यासक सांगतात. शाळेने त्याच्या पायाखाली लाकडी पाट ठेवला, म्हणजे पाय लोंबकळेनासे झाले. रात्रीची सहा पाने बंद करून रोज पाच ओळी ठरल्या. त्यालाच आठ महिने लागले. आजही त्याचे अक्षर भिंतीवर लावण्यासारखे नाही. पण ते वाचता येते, तो पूर्ण उत्तर लिहितो आणि सकाळी त्याचे पोट दुखत नाही.

घरी काय करावे, असा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर महागड्या खेळण्यांच्या दुकानात नाही. मटार सोलणे, लसूण निवडणे, कणकेचा गोळा मळणे, चकलीचा सोऱ्या दोन हातांनी फिरवणे, गणपतीत मोदकाला कळ्या पाडण्याचा प्रयत्न करणे, दारात ठिपक्यांची रांगोळी काढणे, बतुकम्मासाठी तंगेडूची फुले थराथराने रचणे, ही सारी हातांची शाळाच आहे. सागरगोटे, लगोरी, फुगडी, दोरीवरच्या उड्या हे खेळ तर शरीराचा तोल, नजर आणि हात यांचा मेळ घालणारे; त्यांची जागा मोबाइलच्या काचेवर फिरणाऱ्या एका बोटाने घेतली आहे. या कामांत पीठ सांडेल, फुले चुरगळतील, वेळ दुप्पट लागेल. सकाळी घाईच्या वेळी बटणे आईनेच लावावीत. रविवारी मात्र ती मुलाला लावू द्यावीत, मग त्यात दहा मिनिटे जावोत. या कामांनी निरोगी मुलाचे हात तयार होतात. ज्याची अडचण खरी आहे, त्याला मात्र ती उपचाराच्या जागी पुरणार नाहीत, आणि ‘घरी करतोच की’ म्हणून तपासणी पुढे ढकलू नये.

कोठे जावे? प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे, तेथून डोळे व श्रवण तपासणी आणि गरजेप्रमाणे व्यवसायोपचारतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ. खासगी केंद्रांचे शुल्क न परवडणाऱ्या पालकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची तरतूद असून, विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था 1984 पासून कार्यरत आहे. इतक्या जवळ असूनही पुष्कळ मराठी कुटुंबांना तिचा पत्ता ठाऊक नसतो. एखादे केंद्र निवडताना उपचारकाचे पदवीशिक्षण विचारण्यात संकोच बाळगू नये. मुलाने कोणते काम किती आठवड्यांत करावे असे ठरवले आहे, हेही विचारावे. ‘पूर्ण बरे करून देऊ’ अशी हमी देणारे, पालकांना आत बसू न देणारे, वर्षाचे पैसे आगाऊ मागणारे केंद्र आढळले, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. पंधरा दिवस एका वहीत टिपून ठेवावे : कोणते काम, कोणत्या वेळी, कोठे अडले, मदत किती लागली, त्या आधी मूल भुकेले किंवा थकलेले होते काय. ‘लक्ष नाही’ असे न लिहिता ‘पाच मिनिटांनी उठला, पेन्सिल तीनदा पडली’ असे लिहावे. शाळेतील चित्रांची व लेखनाची दोन-चार पाने, लसीकरणाचे कार्ड आणि जन्माच्या वेळचे कागद बरोबर घ्यावेत. शाळेची बाजू बालवाडीच्या आणि पहिलीच्या वर्गशिक्षिका लिहून देतील. ज्या पालकांना आपल्या पाल्याविषयी बोलायचे आहे, त्यांच्यासाठी त्या सभेनंतर शिशुवर्गाच्या खोलीत थांबणार आहेत. दार लोटलेले असेल, आणि एका वेळी एकाच कुटुंबाशी बोलणे होईल.